‘हॅव्हिंग फिनिश्ड डिनर’ : पण जेवलं कोण?

एका वडिलांचा प्रश्न आहे. आठवीतल्या मुलीने इंग्रजी निबंधात ‘हॅव्हिंग फिनिश्ड डिनर, द टीव्ही वॉज स्विच्ड ऑन’ असं वाक्य लिहिलं आणि बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली. ‘जेवण आटोपून टीव्ही लावला’ हे मराठीत बिनचूक आहे. इंग्रजी वाक्यात स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर. मग चुकलं काय?

बाईंची रेघ योग्यच आहे. त्या वाक्याचा अर्थ टीव्हीने जेवण आटोपलं असा होतो. पण मुलीची चूक आळसातून आलेली नाही, ती चांगल्या मराठीतून आलेली आहे. ती कुठून आली हे तिला दाखवलं तर ती पुन्हा होणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘हॅव्हिंग फिनिश्ड डिनर’ हा पार्टिसिपलने, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या विशेषणासारख्या रूपाने, सुरू होणारा वाक्यांश आहे. त्याला स्वतःचा कर्ता नसतो. स्वल्पविरामानंतरच्या मुख्य वाक्याचा जो कर्ता, तोच याचाही धरला जातो. इथे स्वल्पविरामानंतर ‘द टीव्ही’ आहे, म्हणून जेवणारा टीव्ही ठरला. आपला खरा कर्ता न सापडल्यामुळे असा अधांतरी राहिलेल्या वाक्यांशाला इंग्रजीत ‘डँगलिंग पार्टिसिपल’ म्हणतात.

हा नियम आपल्याला परका नाही. पाणिनीचं सूत्र आहे, ‘समानकर्तृकयोः पूर्वकाले’ (3.4.21). दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल, तर आधीच्या क्रियेला ‘क्त्वा’ हा प्रत्यय लावायचा. ‘भुक्त्वा व्रजति’ म्हणजे जेवून जातो. जेवणारा आणि जाणारा एकच. मराठीतला ‘ऊन’ हा प्रत्यय महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘ऊण’वरून आला आणि तोही मुख्यतः हेच काम करतो. मात्र मराठीने हा नियम बराच सैल केला. ‘आजी जाऊन दहा वर्षं झाली’ यात गेली आजी आणि झाली वर्षं. ‘पाऊस पडून रस्ते खराब झाले’ यातही कर्ते दोन. कुणालाही ही वाक्यं खटकत नाहीत, खटकायचं कारणही नाही.

मुलीच्या चुकीचं हे एक कारण. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. ‘आम्ही टीव्ही लावला’ हा कर्मणी प्रयोग आहे. क्रियापद आमच्याप्रमाणे बदलत नाही, लावलेल्या वस्तूप्रमाणे बदलतं: टीव्ही लावला, बत्ती लावली, गाणं लावलं. त्यामुळे ‘आम्ही’ गाळलं तरी वाक्य लंगडं पडत नाही आणि ऐकणाऱ्याला कर्ता कळतोच. मुलीच्या मनात तो ‘आम्ही’ शाबूत होता. इंग्रजीत उतरवताना तिला फक्त टीव्हीच दिसला आणि ‘वॉज स्विच्ड ऑन’ आलं. मराठी माध्यमातून शिकलेल्या मोठ्या माणसांच्या अर्जांत आणि अहवालांतही मला हेच दिसतं.

‘ताना’ची वाक्यं तर याहून फसवी. ‘शाळेत जाताना मला साप दिसला’ यात व्याकरणाने कर्ता साप, पण जाणारा मी. मराठीत दिसणं, आठवणं, भूक लागणं, राग येणं हे सगळं ‘मला’ होतं आणि ‘ताना’ त्या ‘मला’शी जोडला जातो. इंग्रजीत वाक्यांश ‘मी’वर गेला नाही तर सापच शाळेला निघतो. म्हणून ‘गोइंग टू स्कूल, आय सॉ अ स्नेक’ लिहायचं, ‘अ स्नेक वॉज सीन’ नव्हे.

हा घोटाळा शेक्सपिअरमध्येही सापडतो. ‘हॅम्लेट’मध्ये राजाचं भूत सांगतं, की लोकांत अशी बातमी पसरवली आहे: ‘स्लीपिंग इन माय ऑर्चर्ड, अ सर्पंट स्टंग मी.’ आजच्या नियमाने बागेत साप झोपलेला होता. मराठीत मात्र ‘बागेत झोपलो असताना मला साप चावला’ हे अगदी सरळ वाक्य होतं.

आता दुरुस्ती. कर्ता जागेवर आणा: ‘हॅव्हिंग फिनिश्ड डिनर, वी स्विच्ड ऑन द टीव्ही.’ किंवा वाक्यांशाला त्याचा स्वतःचा कर्ता देऊन पूर्ण उपवाक्य करा: ‘आफ्टर वी हॅड फिनिश्ड डिनर, द टीव्ही वॉज स्विच्ड ऑन.’ आठवीच्या मुलीला मी दुसरा मार्ग आधी शिकवीन. तिथे चुकायला जागा कमी.

दोन क्रियांचे कर्ते खरोखरच वेगळे असतील तर? संस्कृतने त्यासाठी सति सप्तमी ठेवली, म्हणजे वेगळा कर्ता आणि त्याची क्रिया दोन्ही सप्तमी विभक्तीत ठेवण्याची रचना: ‘गोषु दुह्यमानासु गतः’, गाईंची धार काढली जात असताना तो गेला. इंग्रजीतही तशीच सोय आहे, वाक्यांशात वेगळा कर्ता ठेवायचा: ‘द सन हॅव्हिंग सेट, वी वेंट होम.’ हे ध्यानात आलं की दारावरच्या पाटीचंही कोडं सुटतं. ‘बीइंग अ हॉलिडे, द ऑफिस विल रिमेन क्लोज्ड’ हे ‘सुट्टी असल्यामुळे’चं शब्दशः रूप. त्यात ऑफिस हीच सुट्टी ठरते. सुरुवातीला ‘इट’ घालून ‘इट बीइंग अ हॉलिडे’ केलं की झालं, पण ‘द ऑफिस इज क्लोज्ड फॉर द हॉलिडे’ मला जास्त आवडेल.

वाक्यांशाची जागा हलली की अर्थही हलतो. ‘कमिंग फ्रॉम स्कूल, आय सॉ राम’ यात शाळेतून येणारा मी. ‘आय सॉ राम कमिंग फ्रॉम स्कूल’ यात राम. मराठीतही ‘शाळेतून येताना मला राम दिसला’ आणि ‘मला राम शाळेतून येताना दिसला’ यांत हाच फरक आहे.

एक अपवाद मुलीला जरूर सांगा, नाहीतर ती बरोबर वाक्यंही खोडत बसेल. ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’, ‘जजिंग बाय’ ही रूपं दिसायला पार्टिसिपल असली तरी वापरून वापरून जवळपास शब्दयोगी अव्ययं झाली आहेत. ‘कन्सिडरिंग हर एज, द एसे इज गुड’ यात विचार निबंधाने केला असं कुणी म्हणत नाही. मराठीतल्या ‘वरून’, ‘पासून’ यांच्याकडे पाहा. त्यांतही ‘ऊन’ ऐकू येतो, पण त्यांचा कर्ता कोण हे आपण कधी विचारत नाही.