कच्चा टाका

प्रिय मुला,

तुझा मेसेज मंगळवारी रात्री वाचला. एवढ्या मोठ्या प्रश्नाला फोनवर दोन ओळी टाकून मोकळं होणं मला बरं वाटेना, म्हणून कागद घेऊन बसले आहे.

गॅदरिंगला तू काजळ घालून, टिकल्यांचं जॅकेट चढवून गायलास. खाली उतरल्यावर तुमच्याच बँडचा ड्रमर म्हणाला, "काय नाटकं लावलीयस." तुला ते लागलं, आणि का लागलं तेही तू प्रामाणिकपणे लिहिलंयस. ते नाटक होतं की नव्हतं, हे तुझं तुलाच सांगता येईना. स्टेजवर होता तो तू, की दुसऱ्या दिवशी आईसमोर मान खाली घालून पोहे खात होता तो तू?

माझं आयुष्य नाटकांच्या कपडेपटात गेलं. तुझ्या खोलीत ज्याचं पोस्टर आहे, त्या डेव्हिड बोवी या इंग्लिश गायकाची गोष्ट मी तुला सुईदोऱ्याच्या बाजूने सांगते. तुला ती गाण्यांच्या बाजूने माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पोस्टरवरची चेहऱ्यावरची वीज मुळात एका फोटोसाठी काढलेली होती, १९७३च्या अल्बमच्या कव्हरसाठी. रंगभूषा पिएर लारोशची, फोटो ब्रायन डफीचा. तू तिथून सुरुवात केलीस. तो स्वतः मात्र फार मागून चालत आला होता. १९४७ साली लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये जन्मलेला डेव्हिड जोन्स. सतराव्या वर्षी पहिली रेकॉर्ड निघाली, चालली नाही. बँड बदलले, आडनाव बदललं, १९६७चा पहिला अल्बम पडला. मग लिंडसे केम्प नावाच्या कलावंताकडे मूकाभिनय शिकला. १९६९ मध्ये अंतराळवीराच्या एका गाण्याने नाव झालं आणि पुन्हा सगळं थंडावलं. 'झिगी स्टारडस्ट' हे पात्र घेऊन तो उभा राहिला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. आपण कोण कोण नाही आहोत, हे त्याआधीची आठ वर्षं तो अंगावर घालून बघत होता. तू एकोणीस वर्षांचा आहेस, आणि एका संध्याकाळीत उत्तर मागतोयस.

झिगीसुद्धा त्याने एकट्याने घडवला नाही. रजईसारखे टाके घातलेल्या कापडाचे ते अंगाबरोबर बसणारे सूट फ्रेडी बरेटी या त्याच्या मित्राने शिवले. तांबडे, ताठ उभे केस सुझी फसीने केले. ती बेकनहॅमच्या एका सलूनमध्ये कामाला होती, बोवीच्या आईचे केसही तीच करायची. सोबतचे वादक उत्तरेकडच्या हल शहराचे. त्यांनी चमचमते कपडे आणि मेकअप बघून सुरुवातीला चांगलीच कुरकुर केली होती. तुझ्या ड्रमरसारखीच. १० फेब्रुवारी १९७२ला टॉलवर्थमधल्या 'टोबी जग' नावाच्या पबमध्ये झिगी पहिल्यांदा उभा राहिला, तो मूठभर लोकांसमोर. ६ जुलैला तो टीव्हीवर आला, निळी गिटार घेऊन, आणि गाता गाता सहजपणे मिक रॉन्सन या आपल्या गिटारवादकाच्या खांद्यावर हात टाकला. तेवढंच. पण तो हात इंग्लंडभरच्या दिवाणखान्यांत आईवडिलांसोबत बसलेल्या मुलांनी पाहिला. त्यातलेच काही पुढे गायक झाले. स्पँडाउ बॅले या बँडचा गॅरी केम्प अजूनही त्या रात्रीबद्दल बोलतो.

आता मला खरं जे सांगायचंय ते. जपानच्या काबुकी रंगभूमीवर वेश बदलण्याची एक पद्धत आहे, 'हिकिनुकी'. एका पोशाखावर दुसरा पोशाख चढवतात आणि वरचा फक्त कच्च्या टाक्यांनी अडकवून ठेवतात. भर प्रवेशात मदतनीस मागे येतो, धागे ओढतो, आणि वरचं सगळं एकदम गळून पडतं. खालून दुसराच माणूस उभा. कान्साई यामामोतो या जपानी डिझायनरने बोवीसाठी १९७३मध्ये असे कपडे केले. त्याचे आधीचे काही कपडे मुळात बायकांसाठी बेतलेले होते, ते बोवीने अंगावर घालून दाखवले होते. जपानला गेल्यावर तो बांदो तामासाबुरो या काबुकी नटाकडून रंगभूषेचे धडेही घेऊन आला. तामासाबुरो रंगमंचावर स्त्री-भूमिका करतो.

कान्साईच्या कपड्यांचा फोटो मी पहिल्यांदा एका जुन्या मासिकात पाहिला आणि कितीतरी वेळ शिवणीच बघत राहिले. कच्चा टाका घालणं सोपं नाही रे. फार सैल घातला तर चालता चालता सुटतो, घट्ट घातला तर ओढताना कापडच फाटतं. नटाला त्यात धावता आलं पाहिजे, दम घेता आला पाहिजे, आणि वेळ आली की तो एका झटक्यात निघालाही पाहिजे. तुझं ते जॅकेट, ते काजळ, तो स्टेजवरचा मुलगा, असा शिवलेला असावा असं मला मनापासून वाटतं.

कारण पुढचं ऐक. ३ जुलै १९७३ला लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये बोवीने मंचावरून जाहीर केलं की हा आपला शेवटचा कार्यक्रम. झिगीला त्याने तिथेच निरोप दिला. बेसवाल्याला आणि ड्रमरला आधी कल्पनाही नव्हती. त्यांना असं चारचौघांत कळावं हे मला आजही पटत नाही. तू पात्र सोडशील तेव्हा सोबत्यांना आधी सांग. पण इतकं प्रसिद्ध झालेलं सोंग वर्ष-दीड वर्षात उतरवून ठेवण्याची त्याची हिंमत मला मोठी वाटते. तरी टाका पूर्ण सुटला नव्हता. झिगी बराच काळ पिच्छा सोडेना, असं पुढे तोच सांगायचा. १९७५च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये कोकेनने त्याची दशा केली. १९७६मध्ये तो बर्लिनला गेला, साध्या कपड्यांत, शोनेबर्ग भागातल्या एका जुन्या इमारतीत राहिला, चित्रं काढली, सायकल चालवली. बर्लिनच्या भिंतीजवळच्या हान्सा स्टुडिओत त्याने जे केलं ते मला झिगीपेक्षाही जवळचं आहे. तिथे त्याच्या तोंडाला रंग नव्हता. पण झिगीत धीट झालेला तो गळा तोच होता.

तुझ्या मेसेजच्या शेवटी तू एक वाक्य अर्धवट सोडलंयस. ते मी दोनदा वाचलं. पूर्ण करायचं की नाही आणि कुणासमोर, ते तुझं तू ठरव. जानेवारी १९७२मध्ये बोवीने 'मेलडी मेकर' या संगीत-साप्ताहिकाला सांगून टाकलं की तो गे आहे. तेव्हा त्याचं लग्न झालेलं होतं, आठ महिन्यांचं मूल होतं. पुढे तो स्वतःला उभयलिंगी आकर्षण असणारा म्हणाला. १९८३मध्ये ते सांगणंच चूक होती, असं म्हणाला. त्याच्या आधीच्या शब्दाला धरून जे जगले त्यांना ते लागलं असणार, आणि मलाही त्याचं वाईट वाटतं. तरी मी त्याला खोटा म्हणणार नाही. एखादा माणूस पंचविशीत जे बोलला ते लोकांनी पाटीसारखं त्याच्या गळ्यात अडकवलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा इंग्लंडमधला कायदा त्याच्या पाचच वर्षं आधी थोडा सैल झाला होता. आपल्याकडे तो दिवस ६ सप्टेंबर २०१८ला उजाडला. तू त्यानंतरच्या काळात तरुण होतोयस, एवढी मोकळीक तुला आहे. घाई मात्र कुणीही तुझ्यावर लादू नये. मीसुद्धा नाही.

बाबा म्हणतात ना, हे सगळं तिकडचं खूळ? त्यांना पाचगणीची आठवण दे. झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारुख बलसारा तिथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, शाळेतल्याच 'हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. लंडनला गेल्यावर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकायचा. तोच पुढे 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी. कापड हातात धरून बघितलेला माणूस होता तो, म्हणून त्याच्या अंगावर काहीही उसनं वाटलं नाही.

आईला एवढ्यात काही समजावू नकोस. तिला जॅकेटच्या टिकल्या लावायला बसव. माझ्याकडे एक मुलगा यायचा, पहिल्या वाचनाला त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. कोटाची मापं घेताना मात्र तो बोलायला लागायचा, आणि कुठली कुठली घरातली गोष्ट सांगायचा. कापड मध्ये असलं की माणसं एकमेकांकडे न बघता बोलू शकतात.

तू पाठवलेला व्हिडिओ चार वेळा पाहिला. दुसऱ्या कडव्यात वरचा सूर लागतो तिथे तुला हात वर न्यायचा होता, आणि तो खांद्यापाशीच अडला. तुला वाटलं असेल आपण घाबरलो. जॅकेट बगलेत एक बोटभर कमी आहे. रविवारी सकाळी घेऊन ये. बगलेची शिवण उसवून आत कापडाचा तुकडा घालू, आतून मलमलचं अस्तर लावू म्हणजे टिकल्या टोचणार नाहीत. काळा दोरा माझ्याकडे आहे. चंदेरी तेवढा तू आण.

तुझी,
मावशी