कार्ड उलटण्याआधीचे पाच सेकंद

गणपती आटोपल्यावर देवगडच्या बाजारात मासे विकणारी एक बाई दहावीतल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत.) खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, ह्या चेडवाच्या हातात मोबाईल दिलंय, तीच माजी चूक. रात्री बारापर्यंत बोट फिरवता आणि पेपरात काय एक येणा नाय.”

मुलगी खाली बघत पुटपुटली, “गेम नाय, अभ्यासच करतंय.”

दोघीही खरं बोलत होत्या. मोबाईलवर अँकी होतं, प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं ॲप; ‘सोपं’ दाबलेलं कार्ड ते उशिरा दाखवतं, चुकलेलं लवकर. मैत्रिणीने पाठवलेला नऊशे कार्डांचा तयार संच त्यात होता. तरी घटक चाचणीत इतिहासाला २० पैकी ७. ‘कार्डं करूनही मार्क का नाहीत’ हा प्रश्न हल्ली महिन्यातून दोनदा तरी माझ्यापुढे येतो.

“माझ्यासमोर कर बघू,” म्हटलं. तिने प्रश्न पाहिला, लगेच कार्ड उलटलं, “हां, येतं,” म्हणत ‘सोपं’ दाबलं. पुढचं. मिनिटाला वीसेक कार्डं. मग मी मोबाईल माझ्याकडे घेतला आणि विचारलं, “दर्पण कधी सुरू झालं?”

गप्प. शेवटी म्हणाली, “दाखवा ना, बघितल्यावर येतं.”

सगळं दुखणं या वाक्यात होतं. (आणि दर्पण काढणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, म्हणजे हिच्याच तालुक्यातले!) उत्तर ओळखीचं वाटणं वेगळं, ते आतून काढता येणं वेगळं. पेपरात लागतं ते आतून काढणं. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवणारे. रात्री झोपताना ‘सगळं आलं’ असं मुलांना मनापासून वाटतं ते यामुळेच. ती खोटं बोलत नसतात.

हे आईला कसं सांगायचं? मी विचारलं, “उधारीची वही ठेवता?”

“वही कित्याक? सगळा तोंडपाठ आसा.”

कसं राहतं लक्षात? गिऱ्हाईक समोर आलं की त्याने तोंड उघडायच्या आत हिला आकडा आठवावाच लागतो, रोज. मुलीने मान वर केली ती तेव्हा पहिल्यांदा.

तयार संच आम्ही बाजूला ठेवला. धड्यावरून स्वतः कार्डं करायची, एका कार्डावर एकच गोष्ट. ॲप आपणहून रोज वीस नवी कार्डं देतं, ते आठवर आणलं. कारण जुन्यांची उजळणी साचली की मुलं ॲपच उघडायची सोडतात. उत्तर मोठ्याने बोलल्याशिवाय किंवा कच्च्या वहीत खरडल्याशिवाय उलटायचं नाही. चुकलं तर ‘पुन्हा’ दाबायचं, लाज नाही. त्यांच्या वाडीत रेंज येते-जाते, पण ॲप एकदा उतरवलं की नेटशिवाय चालतं. मोबाईल नसता तरी अडलं नसतं. सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात हीच युक्ती कागदी कार्डं आणि खोक्यांवर मांडली होती: आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात, म्हणजे उशिरा भेटणार, चुकलेलं पुन्हा पहिल्यात. चपलांची रिकामी खोकी चालतात.

आणि परीक्षक कोण? आई. सातवी शिकलेली, मराठी नीट वाचते. संध्याकाळी सुकी मासळी निवडताना ती प्रश्न वाचणार, मोबाईल तिच्याच हातात. मोबाईलवरचं भांडण निम्मं तिथेच मिटलं, हे कबूल करते.

पहिले दोन आठवडे मुलगी वैतागली. आधी नऊशे ‘यायची’, आता चाळीसात पंधरा चुकत होती. तो वैताग मला हवाच होता, पण तिला तसं सांगितलं नाही.

सहामाहीत इतिहास सुधारला, विज्ञानाच्या व्याख्याही. भूमिती तिथेच आहे. प्रमेयाची सिद्धता कार्डावर पाठ करून येत नाही, ती कागदावर सोडवावी लागते. ‘कारणे लिहा’चंही तेच. त्यासाठी तिला शाळेतल्या सरांकडे पाठवलंय.

परवा बाजारात बांगडे घेत होते. पैसे परत देताना आई म्हणाली, “सहा जानेवारी १८३२. आता माकाच पाठ झाला, मॅडम.”