आधी डोंगर, मग सिंह

अगं,

तुझा बेत वाचला. टांझानियात हातात 10 दिवस; त्यात आधी तारांगिरे, न्गोरोंगोरो, सेरेंगेटीच्या जंगलांची सफारी आणि शेवटी 5 दिवसांत किलिमांजारो. रजा तेवढीच आहे, कळतंय. तरी क्रम उलटा कर. आणि दिवस कापायचेच असतील तर सिंहांचे काप, डोंगराचे नको.

पहिल्या खेपेला मीही असंच केलं होतं. आधी जीपमधून भटकलो, मग किलिमांजारोवर जाणारी माचामेची वाट धरली. लावा टॉवरला, 4,600 मीटरच्या वर, डोकं ठणकायला लागलं, अंगही तापलं. हे विरळ हवेचं की तारांगिरेतल्या डासांचं, ते गाइडलाही सांगता येईना. मलेरियाचा ताप डास चावल्यावर आठवड्यानं किंवा त्याहून उशिरा येतो, म्हणजे सफारी आधी केली की नेमका डोंगरावर. मला खाली उतरवलं. ताप साधाच निघाला, शिखर मात्र गेलं.

मारांगूच्या वाटेवर झोपायला लाकडी झोपड्या आहेत, म्हणून तू तिला भुलली आहेस. 5 दिवसांत उरकण्याचा मोह तिथंच होतो. त्यापेक्षा 7 दिवसांची माचामे घे. लावा टॉवरपर्यंत चढायचं आणि त्याच दिवशी सहाएकशे मीटर उतरून बरांको कॅम्पला झोपायचं, ही तिची खरी किंमत. शरीर रात्रीतून शिकतं. वाटेत गाइड 'पोले पोले' म्हणत राहील, म्हणजे हळूहळू. आपल्याकडे गड चढताना पुढे पळायची सवय असते ना, ती पायथ्याच्या मोशी गावातच ठेवून जा.

शेवटचा कॅम्प बराफू, 4,673 मीटर. स्वाहिलीत बराफू म्हणजे बर्फच. ऐकून गंमत वाटली होती. मध्यरात्री निघायचं. पाण्याची बाटली मोज्यात घालून उलटी ठेव, म्हणजे गोठायला लागलं तरी तोंडाशी पाणी राहतं. नळीवाली पिशवी त्या रात्री कामाची नाही, नळीच आधी गोठते. आणि चिक्की जाकिटाच्या आतल्या खिशात. दुसऱ्या खेपेला मी ती सॅकमध्ये ठेवली होती. दात पडायचा बाकी होता.

उहुरू शिखर, म्हणजे किलिमांजारोचा माथा, 5,895 मीटर. त्याच दिवशी म्वेका कॅम्पला साधारण 3,100 मीटरवर उतरायचं असतं. तुझ्या सरावात सगळी चढाईच दिसते! कळसूबाईला जा, पण उतरताना पाठीवर वजन ठेव. दुसऱ्या दिवशी जिथं वाट संपते ते म्वेका गेट जवळपास कळसूबाईच्या माथ्याच्याच उंचीवर आहे, यावरून काय ते समज.

मग उरलेल्या दिवसांत तारांगिरे आणि न्गोरोंगोरो. सेरेंगेटी सोड, त्या घाईत नुसती धूळ खाशील. गुडघे बोलत असताना जीपच्या उघड्या छतातून हत्ती बघण्याइतकं सुख दुसरं नाही. निळे-काळे कपडे मात्र नकोत, त्सेत्से माशी त्यांच्यावरच येते.

मलेरियाच्या आणि उंचीच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आताच विचार. परत आल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी जरी ताप आला, तरी टांझानियाला जाऊन आले हे पहिल्या वाक्यात सांग.

माझं जाकीट माळ्यावर आहे. रविवारी येऊन घेऊन जा, चेन जरा अडकते.

तुझा काका