तंजावरच्या भिंतीचा दगड

प्रश्न : नुकताच तंजावरला जाऊन आलो. बृहदीश्वर मंदिराच्या आवारात, नैऋत्य कोपऱ्यातल्या भिंतीवर भोसल्यांचा मराठी शिलालेख पाहिला. वाटाड्या म्हणाला, "या मुलखात दगडच नाही." मग एवढी भिंत उभी कशी राहिली? आणि लेखासाठी मराठ्यांनी वेगळा दगड आणला होता का?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : वाटाड्या खरं बोलला. तुम्ही कऱ्हाडचे, म्हणून नवल वाटलं. आपल्याकडे विहीर खणायला घेतली की चार हातांवर पाषाण लागतो आणि सुरुंगवाल्याला बोलवावं लागतं. तंजावर कावेरीच्या गाळावर वसलंय. मी पाटबंधारे खात्यात हयात घालवली, त्यामुळे परमुलखात गेलो की नजर आधी बांधांवर जाते. तिथं सगळे मातीचे. कावळा हाकलायला खडा शोधावा तर ढेकूळ हाती येतं. जवळच्या वल्लम गावाच्या अंगाला जांभा निघतो, पण देऊळ बांधणाऱ्या चोळ राजांना हवा होता ग्रॅनाइट. तो तिरुचिरापल्ली-पुदुकोट्टईकडच्या टेकड्यांतून, चाळीस-पन्नास किलोमीटर ओढून आणावा लागे. त्या भागातली जुनी देवळं म्हणूनच विटांची. राजराजा चोळाची चुलतआजी सेंबियन महादेवी हिनं त्यातली कितीतरी दगडात बांधून घेतली आणि राजराजानं 1010 साली हे प्रचंड देऊळ पुरं केलं. नुसतं आवारच सुमारे 240 मीटर लांब आणि 120 मीटर रुंद! (शिखरावरच्या 80 टनी एकसंध शिळेची गोष्ट वाटाड्यानं सांगितली असेलच. तिच्यावर विसंबू नका, तिथं अनेक तुकडे जोडलेले आहेत.)

मराठ्यांनी वेगळा दगड आणला नाही. तंजावरचे भोसले राजे दुसरे सरफोजी 1798 साली गादीवर आले, 1799 च्या तहानं राज्यकारभार कंपनीकडे गेला आणि 1803 मध्ये त्यांनी पदरच्या बाबूराय चिटणिसाकडून घराण्याची हकिकत लिहवून घेऊन इथं कोरवली. हाती किल्ला आणि नावापुरती गादी उरलेली, आणि भिंत आठशे वर्षांपूर्वीची, दुसऱ्या राजानं आणलेल्या दगडाची. काहींना यात आगाऊपणा दिसतो. मला नाही दिसत. चोळांनीही याच देवळाच्या दगडांवर दिव्यांच्या तुपाचे हिशेब आणि 400 नर्तकींना दिलेली घरं नोंदवली आहेत. दगड दुर्मिळ, तर एकदा आलेल्या दगडावर सगळ्यांनीच लिहायचं.

दगडाच्या टंचाईची दुसरी बाजू पाहायची असेल तर राजराजाचा मुलगा राजेंद्र चोळ याच्या राजधानीला, गंगैकोंडचोळपुरमला जा. 1836 मध्ये कोळ्ळिडम नदीवर बंधारा घालताना जवळपास दगड नाही म्हणून कंपनीच्या इंजिनियरांनी तिथल्या देवळाची तटभिंत उतरवून नेली. गावकरी आडवे पडले, तेव्हा बदल्यात विटांची भिंत बांधून देऊ असं सांगितलं. ती काही बांधली नाही. बंधाऱ्याचं पाणी शेतांना मिळालं, हेही खरं. आमच्याच धंद्यातली माणसं. मी त्या जागी असतो तर अंदाजपत्रकात वाहतुकीचा खर्च पाहून काय केलं असतं, हे छातीठोक सांगता येत नाही.

पुन्हा गेलात तर विजेरी न्या आणि भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरकी धरा. समोरून उजेड पाडला की ग्रॅनाइटचे कण चमकतात आणि अक्षरं बुजून जातात. तिरक्या उजेडात कान्या-मात्रांच्या कडांना सावली येते. खडू फिरवू नका. आणि सकाळीच जा. मी पहिल्या खेपेला भर दुपारी गेलो होतो. देवळात अनवाणी, त्या कोपऱ्यापर्यंत पोचेतो तळवे असे पोळले की एक ओळ धड वाचून झाली नाही.