ब्युरेट हातात घेण्याआधी

अकरावीत आलीस, आता प्रॅक्टिकल स्वतःच्या हातानं करायचं, म्हणून सांगते. टायट्रेशनमध्ये, म्हणजे एक द्रावण थेंबथेंब दुसऱ्यात सोडून प्रमाण मोजताना, बहुतेकांचं गाडं अडतं ते रीडिंगपाशी. ब्युरेट म्हणजे खाली तोटी असलेली, मापाच्या खुणांची काचेची उभी नळी; तिच्यावरचा सर्वांत लहान भाग 0.1 मिलीचा असतो. डोळा बरोबर पातळीसमोर हवा. वरून वाकून पाहिलंस की आकडा बदललाच. मागे पांढरा कागद धर. रंगहीन द्रावणाचा पृष्ठभाग मध्ये खोलगट दिसतो, त्याचा तळ वाच. पोटॅशियम परमँगनेट इतकं गडद असतं की तळ दिसत नाही, तिथं वरची कड वाचायची. भरल्यावर तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला असेल तर आधी काढ. तो मध्येच सुटला की आकडा उगाच फुगतो.

ब्युरेट भरायच्या द्रावणानंच खंगाळ, शंकुपात्र मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्यानं. न जुळलेलं रीडिंग खोडू नकोस, चूक त्यातूनच सापडते. शेजारणीचं तर मुळीच उतरवू नकोस.

पिपेट, म्हणजे ठरावीक माप द्रावण उचलायची काचेची नळी, तोंडानं ओढायची नाही, रबरी फुगा मागून घे. आम्ही तोंडानंच ओढायचो. एकदा टोक द्रावणाबाहेर आलं आणि सौम्य कॉस्टिक सोडा थेट जिभेवर! तो साबणासारखा बुळबुळीतपणा अजून आठवतो.

सल्फ्युरिक आम्ल थोडं थोडं करत पाण्यात ओत, आम्लात पाणी कधीच नाही. एकदम उष्णता निघून ते अंगावर उडतं. केस घट्ट बांध, ओढणी खोच, गॉगल लाव. आणि डोळ्यात काही गेलंच तर आधी नळाखाली डोळा धर, बाईंना हाक मैत्रीण मारेल.