पक्कं घर आहे, तरी का हलायचं?

प्रश्न : चक्रीवादळ जमिनीवर आलं की कमजोर होतं, असं वाचलं आहे. मग किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटर आत, पक्क्या घरात राहणाऱ्यांनाही घर सोडायला का सांगतात? – एक वाचक

उत्तर : कमजोर होतं हे खरं. समुद्राचं पाणी साधारण 26.5 अंशांच्या वर तापलं, की त्याच्या वाफेवर वादळ पोसलं जातं. वर गेलेल्या वाफेचे ढग होताना उष्णता सुटते, हवा आणखी चढते, खालचा दाब घटतो आणि चहूकडून वारा आत धावतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याला भोवरा लागतो. जमिनीवर वाफ मिळत नाही, पण जोर ओसरायला कित्येक तास जातात.

तरीही तुम्हाला हलवतात ते मुख्यतः पाण्यामुळे. वारा तासन् तास समुद्र किनाऱ्यावर लोटत असतो. किनारा उथळ असला, की पाण्याला खालून परतायला वाव नसतो, ते चढतच जातं. त्यात भरतीची वेळ गाठली तर विचारूच नका. 12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री आजच्या बांगलादेशातल्या सखल बेटांवर हेच झालं. भोला चक्रीवादळात तीन लाखांच्या वर माणसं गेली, असा अंदाज आहे. म्हणून किनारा किती लांब, यापेक्षा तुमची जागा समुद्रापासून किती उंच, ते बघा. खाडी आणि नदीच्या मुखातून पाणी फार आत घुसतं. पक्की भिंत वाऱ्याला पुरते. ओंडके, पत्रे, फुटक्या होड्या घेऊन आलेल्या लोंढ्याला पुरेलच असं नाही.

आणखी एक, आणि हे मी कळकळीने सांगते. वादळाचा डोळा, म्हणजे मधोमधचा शांत भाग, डोक्यावर आला, की वारा एकदम पडतो. संपलं समजून माणसं होडीचा दोर, घराचे पत्रे बघायला बाहेर पडतात. थोड्याच वेळात वारा उलट्या दिशेने तितक्याच जोरात येतो. म्हणून वारा पडला तरी बाहेर पडू नका.

हलवण्याचा उपयोग होतो. ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे 10,000 माणसं दगावली. 2013 च्या फायलिन चक्रीवादळाआधी लाखो लोक हलवले, तेव्हा मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

सूचना मिळाली की उजेडातच निघा, सखल रस्ते आधी बुडतात. परतल्यावर विहिरीचं पाणी नितळ दिसलं तरी तपासल्याशिवाय पिऊ नका.