ऑफिसात भेदभाव सगळ्यांना दिसतो, तरी कोणी बोलत का नाही? लोक खरंच खूश असतात का?

नाही हो. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं डिस्पॅचला होतो. त्यातली सात मूग गिळून काढली, म्हणून सांगतो.

आमचं दुखणं पगाराचं नव्हतंच, दुपारपाळीचं होतं. नागपूरचा मे, त्यात नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस), वर टिनाचं शेड. दोन वाजता ट्रकच्या फाळक्याला हात लावला की चटका बसायचा. ती पाळी दरवर्षी आम्हा ठरावीक चौघांच्या वाट्याला. मर्जीतले सकाळी सहाला येत आणि दोनला घरी कूलरपुढे. सोमवारी साहेब विचारायचे, "कोणाला काही बोलायचंय?" सगळे चहाच्या कपात बघायचे. साहेबांना वाटे, सगळं आलबेल आहे.

मी एकदा बोललो. "बघू," म्हणाले. पुढच्याच आठवड्यात माझी रविवारची सुट्टी बुधवारी गेली. त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही, पण शेडमधल्या प्रत्येकानं जे समजायचं ते समजून घेतलं.

मग साहेबांची बदली झाली आणि एक मॅडम आल्या. पाळ्यांचा तक्ता त्यांनी दारापाशीच चिकटवला. पाळी दर पंधरवड्याला फिरणार, एकाची बायपास झालीये म्हणून त्याला सूट, हे स्वतः शेडमध्ये उभं राहून सांगितलं. त्या मे महिन्यात दुपारपाळी मलाही आली. ऊन तेच, फाळकाही तोच. पण घरी जाऊन पोरांवर डाफरणं बंद झालं. (बायकोच्या हे माझ्याआधी लक्षात आलं.)

जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकन संशोधकाचा 1990 चा अभ्यास याच जातीचा आहे. एका कंपनीच्या दोन कारखान्यांत काही आठवडे 15 टक्के पगारकपात झाली. कारण आस्थेनं, सविस्तर सांगितलं तिथे कामगारांच्या चोऱ्या थोड्या वाढल्या. दोन शब्दांत उरकलं तिथे बऱ्याच जास्त. कपात दोन्हीकडे सारखीच होती.

म्हणून भर मीटिंगमध्ये एकट्यानं तोफ डागू नका. तिघं-चौघं मिळून लेखी विचारा: पाळी, बढती, इन्क्रिमेंट कोणत्या नियमानं ठरतं? "अन्याय होतोय" म्हटलं की साहेब अंगावर येतो. नियम विचारला तर निदान तो शोधावा लागतो.

आणि 20 किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती कायद्यानंच लागते, निम्मे सदस्य कामगारांचे. फलकावर नावं आहेत का बघा. आमच्याकडे यादी होती. त्यातले दोघं कधीच रिटायर झालेले, आणि अध्यक्ष तेच साहेब.